इष्टांक शिल्लक नाही

गरिबांना सरकारने धान्य द्यावे की नाही, द्यायचे तर मोफत द्यावे की अल्प दरात, आणि धान्याऐवजी थेट खात्यात पैसे का टाकू नयेत, या प्रश्नांवर आमच्या गावच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती जेवढी चर्चा होते तेवढी दुसऱ्या कोणत्याही विषयावर होत नसेल. मी त्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल आहे. ही चर्चा ऐकत असतानाच माझे स्वतःचे कुटुंब राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीत, म्हणजे रेशनवर धान्याचा हक्क असलेल्या कुटुंबांच्या यादीत, यावे म्हणून मी तालुक्याच्या पुरवठा शाखेत खेटे घालत होतो. चर्चेचा सगळा भर ‘अपात्र लोक यादीत कसे घुसले’ यावर असतो. पात्र असूनही बाहेर राहिलेल्या घराला आत येण्यासाठी काय काय करावे लागते, हे बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते, आणि म्हणूनच हा अनुभव लिहून काढणे मला आवश्यक वाटले.

आमचे गाव मराठवाड्यात आहे. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी तिहेरी शिधापत्रिका योजना सुरू झाली, तेव्हा वडील सूतगिरणीत कामाला होते आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांच्या वर होते, त्यामुळे आम्हाला केशरी कार्ड मिळाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यात अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि केशरी कार्डधारकांपैकी ज्यांचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपयांच्या आत होते त्यांना प्राधान्य कुटुंब म्हणून निवडण्यात आले. त्या वेळी वडिलांचा पगार चालू असल्याने आमचे नाव त्या यादीत नव्हते, आणि ते योग्यच होते. पुढे गिरणी बंद पडली, वडील गेले, आणि माझे मानधन व पत्नीची शेतमजुरी आणि शिवणकाम एवढ्यावर पाच माणसांचे घर येऊन ठेपले. आमच्या नावावर शेती नाही. उत्पन्नाच्या अटीत आम्ही बसत होतो, परंतु कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का नसल्याने रेशन दुकानातून आम्हाला एक दाणाही मिळत नव्हता.

पहिली पायरी म्हणजे उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, आधार आणि जुन्या कार्डाची झेरॉक्स जोडून सेतू केंद्रातून अर्ज भरावा लागतो. तलाठी सज्जावर भेटले तेव्हा त्यांनी मला बसवून घेतले आणि सरळ विचारले, “सर, किती लिहू?” मी मानधनाचा हिशेब आणि पत्नीच्या मजुरीचा अंदाज त्यांच्यापुढे ठेवला, बेरीज बेचाळीस हजारांच्या आसपास गेली आणि तेवढीच त्यांनी लिहिली. त्या प्रश्नाचा मला राग आला नाही. असंघटित कामाचे उत्पन्न कोणत्याही कागदावर नोंदलेले नसते, त्यामुळे ते ठरवणाऱ्यालाही अंदाजाशिवाय आधार नसतो.

याच टप्प्यावर या मर्यादेचा हिशेब मी मांडून पाहिला आणि तो मला अस्वस्थ करणारा वाटला. ४४ हजार रुपये म्हणजे संपूर्ण घरामागे दिवसाला सुमारे एकशे वीस रुपये. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४९ दिवस सरकारने ठरवलेल्या मजुरीने काम केले, तर ते घर सरकारच्याच व्याख्येनुसार प्राधान्य यादीसाठी अपात्र ठरते. ही मर्यादा २०१३ साली ठरली आणि मी अर्ज केला तेव्हाही तीच होती. दरम्यान मजुरी वाढली, भाव वाढले, आणि खरे उत्पन्न प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस दरवर्षी त्या रेषेच्या थोडा अधिक बाहेर ढकलला गेला. टेबलाभोवतीच्या चर्चेत ‘खोटे दाखले काढून लोक धान्य लाटतात’ असे म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब दाखवला आहे. खोट्या दाखल्याचे मी समर्थन करत नाही, पण जी मर्यादा पाळली तर वर्षभर राबणारा मजूरसुद्धा गरीब ठरत नाही, ती मर्यादाच लोकांना खोटे लिहायला लावते असे माझे स्पष्ट मत आहे.

दाखला हाती आल्यावर विहित नमुन्यातील अर्ज, सर्वांचे आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि हमीपत्र घेऊन मी तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो. अन्न सुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमानुसार शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव लागते, म्हणून अर्ज आईच्या नावाने होता. ही तरतूद मला मनापासून पटते. वडिलांच्या हयातीत ज्या कागदावर आईचे नाव तिसऱ्या ओळीत होते, त्यावर ते आता सर्वांत वर येणार होते. कारकुनांनी अर्ज तपासला, एका ठिकाणी आईची सही राहिली होती तिथे अंगठा घेऊन या म्हणाले, आणि तो आणल्यावर शांतपणे सांगितले, “सर, अर्जात काही कमी नाही. पण इष्टांक शिल्लक नाही.”

या एका वाक्याने आमची पुढची वाटचाल ठरवली, म्हणून त्याचा अर्थ नीट सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याने देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या जास्तीत जास्त ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला. राज्यांची गरिबी वेगवेगळी असल्याने प्रत्येकाचे प्रमाण वेगळे ठरले. महाराष्ट्रासाठी ते ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के आहे. २०११ च्या जनगणनेवर हे प्रमाण लावून राज्याला ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांची कमाल मर्यादा मिळाली, तिचे वाटप जिल्ह्यांना आणि तालुक्यांना झाले, आणि तालुक्याच्या वाट्याला आलेल्या आकड्याला कार्यालयात इष्टांक म्हणतात. कायद्याच्या नवव्या कलमात लाभार्थ्यांची संख्या ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यावरून काढावी असे म्हटले आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आमच्या तालुक्यात २०११ नंतर जन्मलेली मुले, लग्न होऊन आलेल्या सुना, आणि आमच्यासारखी नंतर गरीब झालेली घरे यांच्यासाठी त्या आकड्यात जागाच धरलेली नाही. माझी धाकटी मुलगी २०१४ साली जन्मली, म्हणजे ज्या मोजणीवर तिच्या धान्याचा निर्णय व्हायचा होता त्या मोजणीत तीच नव्हती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० साली हिशेब मांडून दाखवले होते की वाढलेल्या लोकसंख्येवर तेच प्रमाण लावले तर देशभरात दहा कोटींहून अधिक लोक या कारणाने बाहेर राहतात.

अर्जाची पोच घेऊन मी परत आलो. नंतर दर काही आठवड्यांनी जाऊन विचारणे सुरू झाले आणि उत्तर बदलले नाही. मजुरीवर जगणाऱ्या माणसासाठी अशी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे असते. माझे निदान मानधन कापले जात नव्हते. पण त्याच बाकावर बसलेल्या बायका वेचणीच्या हंगामात रोज बुडवून आलेल्या असत आणि दुपारी हात हलवत परत जात. सुधारणा म्हणून जो प्रत्येक नवा कागद, नवी पडताळणी आणि नवी मुदत वाढवली जाते तिची किंमत सर्वांत आधी त्या भरतात. खऱ्या अर्थाने अपात्र असलेला माणूस एजंटाला पैसे देऊन घरी बसू शकतो.

शेवटी मी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला आणि तीन गोष्टी विचारल्या: तालुक्याचा इष्टांक किती, त्यापैकी भरलेला किती, आणि प्रतीक्षेत असलेल्या अर्जांची क्रमवार यादी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुदतीत मिळाली, आणि त्यांवरून इष्टांक खरोखरच भरलेला आहे हे स्पष्ट झाले. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिले होते की अशी प्रतीक्षा यादी ठेवली जात नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. एखादे नाव कमी होऊन जागा रिकामी झाली तर ती कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी तारखेचा क्रम नसेल, तर ती ज्याची ओळख असेल त्याला, किंवा नेमका त्या दिवशी समोर उभा असेल त्याला मिळणार. कर्मचाऱ्यांवर मी आरोप करत नाही. एका कारकुनाकडे कित्येक गावांचा कारभार होता आणि त्यांचे माझ्याशी वागणे सौजन्याचे होते. दोष या व्यवस्थेचा आहे. तिने ‘किती’ याचा काटेकोर हिशेब ठेवला, पण ‘कोण आधी’ हा प्रश्न कधी विचारला नाही.

याच काळात ग्रंथालयातली चर्चा धान्याऐवजी पैसे देण्याकडे वळली होती, आणि त्याला कारणही आमच्या भागातलेच होते. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील, म्हणजे मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, येथील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना राज्य सरकार ऑगस्ट २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य देत असे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला, आणि पुढे ती रक्कम १७० रुपये करण्यात आली. आमच्या शेजारचे कुटुंब या योजनेत आहे. त्यांच्याकडचे पासबुक मी स्वतः पाहिले आहे: पैसे दर महिन्याला येत नाहीत, काही महिन्यांचे एकदम येतात, आणि ते कधी येतील हे कोणालाच सांगता येत नाही. शेजारच्या वहिनींचे म्हणणे असे की धान्य आले की ते डब्यात जाते आणि पैसे आले की ते खताच्या दुकानात जातात. माझ्या एका वाचकाचे म्हणणे मात्र नेमके उलट होते, आणि तेही मला पूर्ण चुकीचे वाटत नाही. पैशांतून आपल्याला हवे ते धान्य घेता येते, दुकानदाराच्या वजनकाट्याकडे पाहत बसावे लागत नाही, असे ते म्हणत.

या वादात मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती ज्वारीची आहे. आमच्याकडे रोजचे जेवण म्हणजे भाकरी. रेशनवर बहुतेक काळ मिळतो तो गहू आणि तांदूळ. घरात दोन वेळा भात शिजत नाही, म्हणून काही घरांतला तांदूळ फेरीवाल्याला विकला जातो, आणि त्यावरून ‘यांना धान्याची गरजच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तांदूळ विकून आलेल्या पैशांतून त्याच दिवशी ज्वारी विकत घेतलेली मी पाहिली आहे. कायद्याच्या अनुसूचीत तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर पहिल्यापासून लिहिलेले होते, म्हणजे भरडधान्य देण्याची सोय कायद्यातच आहे. मधूनमधून ज्वारी दिलीही गेली आहे, पण नियमितपणे नाही. ज्या भागात ज्वारी पिकते आणि ज्या भागात ती खाल्ली जाते तिथेच ती हमीभावाने खरेदी करून रेशनवर दिली, तर शेतकऱ्याला भाव मिळेल आणि विक्रीचा प्रश्न आपोआप कमी होईल. रोख की धान्य या वादात पडण्याआधी ही सुधारणा व्हावी असे मला तळमळीने वाटते. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी केंद्राने नेमलेल्या शांताकुमार समितीने लाभार्थ्यांचे प्रमाण ६७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावे आणि हळूहळू रोख मदतीकडे वळावे अशी शिफारस केली होती. तिचा आधार आजही चर्चेत घेतला जातो. आमच्या तालुक्यातल्या त्या बाकावर बसून पाहिल्यावर प्रमाण कमी करण्याची भाषा मला मान्य करता येत नाही.

आमची जागा शेवटी निघाली ती ई-केवायसीमुळे. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा देऊन आपली ओळख पटवायची असा आदेश निघाला. मृत व्यक्तींची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि कायमचे स्थलांतर केलेल्यांची नावे कमी झाली, इष्टांकात जागा झाली, आणि माझा अर्ज पोचेवरच्या तारखेमुळे बाहेर काढला गेला. या मोहिमेचा मला फायदा झाला हे मी लपवत नाही. परंतु ज्या पडताळणीने आमचे नाव आत घेतले तिच्यातच आई जवळजवळ बाहेर पडली होती, आणि तेही तितकेच खरे आहे.

आईने आयुष्यभर कापूस वेचला आहे. बोंडांच्या टोकदार सालींनी आणि राखेने भांडी घासण्याने तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यासारख्या झाल्या आहेत. दुकानदाराने यंत्राची काच कापडाने पुसली, आईने अंगठा ठेवला, आणि पडद्यावर ओळख पटली नाही असा संदेश आला. तिने बोट पदराला पुसले, पुन्हा ठेवले. दुकानदार म्हणाले, “आजी, जरा दाबून धरा,” मग “तर्जनी ठेवा,” मग “डावा हात द्या.” मागे रांग वाढत होती आणि आई माझ्याकडे न पाहता एकेक बोट काचेवर ठेवत होती. त्या दिवशी एकही बोट जुळले नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले होते की आधार जुळत नाही या कारणाने कोणाचेही धान्य रोखू नये आणि अशा नोंदी वेगळ्या वहीत ठेवाव्यात. त्याच्या आदल्याच महिन्यात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात, आधार न जोडल्याने रेशनकार्ड रद्द झालेल्या घरातली अकरा वर्षांची मुलगी भुकेने गेल्याचे तिच्या घरच्यांनी सांगितले होते; प्रशासनाने ते कारण नाकारले, पण कार्ड रद्द झाले होते ही गोष्ट नाकारता आली नाही. धान्य न रोखण्याची केंद्राची ही सूचना मी दुकानदारांना सांगितली. त्यांनी ती ऐकलेली नव्हती, पण ते आडमुठे नव्हते. आधार केंद्रात जाऊन आईच्या बोटांचे ठसे नव्याने घेतल्यावर आणि त्यानंतर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवल्यावर तिचे नाव पक्के झाले. ज्या म्हाताऱ्या माणसाबरोबर जायला कोणी नसेल त्याने हे सर्व कसे करावे, याचे उत्तर मला त्या सगळ्या प्रक्रियेत कुठेही मिळाले नाही.

आता आम्हाला माणशी पाच किलोप्रमाणे पंचवीस किलो धान्य मिळते, आणि १ जानेवारी २०२३ पासून देशभर ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरात ते जेमतेम अर्धा महिना पुरते; उरलेल्या दिवसांचे धान्य, आणि डाळ, तेल, भाजी सगळा महिनाभर, विकतच घ्यावी लागते. पत्नीने मजुरीला जाणे बंद केलेले नाही. ‘फुकट धान्यामुळे मजूर मिळत नाहीत’ असे म्हणणाऱ्या बागायतदार वाचकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पुढे वाद घातला नाही. फरक पडला आहे तो असा की दुकानातली उधारी संपली, आणि त्या वाचलेल्या पैशांतून मुलीला शाळेत जायला सायकल घेता आली.

आमच्या गावात अजून काही घरे तशीच थांबलेली आहेत. कायद्याच्या अकराव्या कलमानुसार पात्र कुटुंबांची यादी लोकांना पाहता येईल अशा ठिकाणी लावायची असते, आणि सामाजिक अंकेक्षणाची व दक्षता समितीची तरतूदही कायद्यातच आहे. त्या आधारावर आम्ही ग्रामसभेत ठराव मांडला: लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, प्रलंबित अर्जांची तारखेनुसार प्रतीक्षा यादी तिच्या शेजारी लावावी, कमी झालेले प्रत्येक नाव कारणासह वाचून दाखवावे आणि रिकामी जागा त्या क्रमानेच भरावी. ज्यांचे बोट जुळत नाही अशा वृद्धांची नोंद दुकानदाराने वहीत करून धान्य द्यावे, असेही त्यात आहे. ठराव मंजूर झाला, त्याची प्रत पुरवठा शाखेत आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे दिली आहे. ज्यांना असाच अर्ज करायचा आहे त्यांनी इष्टांक नाही म्हणून अर्ज परत घेऊन घरी येऊ नये. तो दाखल करावा, आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्यावी, आणि ती जपून ठेवावी, कारण प्रतीक्षा यादी नसलेल्या कार्यालयात आपण किती दिवस थांबलो आहोत याचा तोच एक पुरावा आपल्या हातात असतो.